फौजेत मनासारखं काम मिळवायचं कसं: ड्यूटी, ट्रेड, रेजिमेंट बदलू बघणाऱ्या नव्या पोरांसाठी

गावात सुट्टीवर आलेली पोरं भेटायला घरी येतात, चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग हळूच विषय निघतो, "काका, मला इथं नाही राहायचं, बदली करून घ्यायचीय, काय करावं लागेल?" दरवेळी मी आधी उलट विचारतो की बाळा, तुला नक्की काय बदलायचंय, काम, पलटण, का नुसतं ठिकाण? बहुतेकांना याचं उत्तर पटकन देता येत नाही, आणि खरी अडचण तिथंच असते. मी इन्फन्ट्रीत २२ वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. माझ्याही पहिल्या दोन वर्षांत मी या बाबतीत चुका केल्या, त्याची किंमत मोजली, नंतर नीट रस्त्यानं गेलो तेव्हा हवं ते काम मिळालं. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. मी आर्मीचंच लिहितोय, नेव्ही आणि एअरफोर्सच्या ब्रँच, ट्रेडच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्या पोरांनी आपल्या इथल्या सीनियरना विचारावं.

आधी काय बदलायचंय ते ठरवा

फौजेत "बदली" या एका शब्दात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि चारींचे रस्ते वेगळे, सही करणारे साहेब वेगळे, लागणारा वेळ वेगळा.

पहिली गोष्ट म्हणजे पलटणीतल्या पलटणीत काम बदलणं. रायफल कंपनीत आहात आणि सिग्नल प्लाटूनमधे जायचंय, मॉर्टरला जायचंय, एमटीत गाडी चालवायचीय, घातकमधे, म्हणजे निवडक पोरांच्या हल्ला करणाऱ्या प्लाटूनमधे, जायचंय. हे सगळ्यात जवळचं दार आहे आणि नवी पोरं नेमकं हेच सोडून बाकीची तीन वाजवत बसतात. दुसरी गोष्ट ट्रेड बदलणं, त्याला रीमस्टरिंग म्हणतात, म्हणजे जीडीचा, जनरल ड्यूटीवाल्या शिपायाचा, क्लर्क होणं वगैरे, हा निर्णय पलटणीत होत नाही, रेकॉर्ड ऑफिसपर्यंत कागद जातो. तिसरी म्हणजे रेजिमेंट किंवा कोअरच बदलणं, उदाहरणार्थ मराठा लाइट इन्फन्ट्रीतून पॅराला, म्हणजे विमानातून उड्या मारणाऱ्या पॅराशूट रेजिमेंटला, जाणं. आणि चौथी ईआरई, म्हणजे पलटण तीच राहते पण दोन तीन वर्षांसाठी तुम्ही बाहेर जाता, एनसीसीच्या बटालियनला, ट्रेनिंग सेंटरला उस्ताद म्हणून, एखाद्या हेडक्वार्टरला, राष्ट्रीय रायफल्सला किंवा एनएसजीला.

आता ठिकाणाचं. "घराजवळ पाहिजे" ही कामाची बदली नाही आणि ती कामाच्या बदलीच्या अर्जात कधीही मिसळू नका. मी असे अर्ज पाहिलेत ज्यात पोरानं लिहिलं की मला सिग्नलची फार आवड आहे आणि तसंच वडिलांची तब्येत बरी नसते तरी पुण्याजवळ मिळावं, तर वाचणाऱ्या साहेबाला कळतं की आवड वगैरे काही नाही, ह्याला घरी जायचंय, आणि मग दोन्ही गोष्टी राहून जातात. घरची खरी अडचण असेल तर त्याला कम्पॅशनेट पोस्टिंगचा रस्ता वेगळा आहे, त्याला डॉक्टरचे कागद, घरात दुसरं बघणारं कुणी आहे का याची चौकशी असं सगळं लागतं. आणि पुष्कळदा अडचण असते भावकीतल्या जमिनीच्या भांडणाची, त्यासाठी तर बदलीची गरजच नसते, सीओ साहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या मुख्य साहेबांच्या, सहीचं पत्र कलेक्टर किंवा एसपीला जातं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं, कोर्टात केस असेल तर सैनिकांसाठी १९२५ चा लिटिगेशन अ‍ॅक्ट आहे ज्यात ड्यूटीवर असलेल्या जवानाची केस पुढं ढकलता येते. कंपनीत जाऊन अडचण मोकळेपणानं सांगा, लाजू नका, रात्री झोप न लागता ड्यूटी करण्यापेक्षा सांगितलेलं कधीही बरं.

भरतीचा फॉर्म आणि सेंटर, इथं निम्मं काम होतं

हे वाचणाऱ्यांपैकी जे अजून भरती व्हायचेत त्यांच्यासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण ट्रेड नंतर बदलणं जितकं अवघड तितकं सुरुवातीला निवडणं सोपं असतं. अग्निवीर जीडीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात, टेक्निकलला बारावी सायन्स, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स इंग्लिश घेऊन एकूण ५० आणि प्रत्येक विषयात ४०, क्लर्क आणि स्टोअर कीपरला बारावी कुठल्याही शाखेची पण एकूण ६० टक्के आणि विषयवार ५०. आता बारावी सायन्सला ५५ टक्के असलेलं पोरगं मित्रांबरोबर जायचं म्हणून जीडीचा फॉर्म भरतं, भरती होतं, आणि दोन वर्षांनी मला विचारतं की टेक्निकलला कसं जाऊ. अरे बाबा, तो दरवाजा तुझ्यासमोर उघडा होता! फॉर्म भरायच्या आधी चार दिवस घ्या, मार्कशीट समोर ठेवा, ज्यात बसताय त्यातलं आवडीचं काम कुठलं ते बघा, क्लर्कला जायचं असेल तर टायपिंगचा सराव आधीपासून ठेवा.

मग सेंटर. इन्फन्ट्रीच्या सेंटरमधे, म्हणजे बेळगावला मराठा एलआय किंवा सागरला महार, रिक्रूटला निवड करायला फार जागा नसते, तिथं प्रश्न फक्त एवढाच की कुठली बटालियन मिळणार. वडील किंवा सख्खा भाऊ ज्या पलटणीत होते किंवा आहेत तीच हवी असेल तर ते शेवटच्या आठवड्यात नाही, सुरुवातीलाच प्लाटूनच्या उस्तादाला सांगा आणि वडिलांचा नंबर, पलटणीचं नाव, डिस्चार्ज बुकची कॉपी असं सगळं हाताशी ठेवा. पण खडकीचं बीईजी म्हणजे इंजिनियर्सचं सेंटर, जबलपूर किंवा गोव्याचं सिग्नल्सचं सेंटर, सिकंदराबादचं ईएमई म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचं सेंटर, नाशिक रोडचं आर्टिलरी सेंटर, इथं मात्र आत गेल्यावर पुन्हा ट्रेड वाटले जातात आणि तिथं तुमच्या टेस्टचे मार्क, दहावी बारावीचे विषय, आयटीआय केलेलं असेल तर ते सर्टिफिकेट, हे सगळं बघतात. आयटीआयचं सर्टिफिकेट घरी ट्रंकेत ठेवून आलेली पोरं मी पाहिलीत. गाडीचं लायसन असेल, वायरमनचं केलं असेल, कॉम्प्युटरचा एमएससीआयटी असेल तरी ओरिजिनल आणि कॉपी दोन्ही सोबत ठेवा आणि विचारलं की लगेच पुढं करा.

२०२२ पासून अग्निपथ आहे त्यामुळं अग्निवीरांनी एक हिशोब डोक्यात पक्का ठेवायचा. तुमच्याकडं चार वर्षं आहेत, त्यातले साधारण सहा महिने ट्रेनिंग, आणि चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के पोरं पर्मनंट होणार. कुठल्याही युनिटला पाठवायचा अधिकार फौजेकडं आहे हे तुम्ही सही करून मान्य केलेलं असतं. अशा वेळी पहिल्या दोन वर्षांत ट्रेड बदलायच्या मागं लागू नका असं मी स्पष्ट सांगतो, कारण तुमचं जे मोजलं जाणार आहे ते फिजिकल, फायरिंग, कोर्स, शिस्त, आणि अर्ध्यात इकडून तिकडं उडी मारलेल्या पोराला नव्या जागी कुणी ओळखत नसतं. पलटणीतल्या पलटणीत काम मात्र जरूर मिळवा, त्यानं तुमचं पारडं जडच होतं.

पलटणीत गेल्यावर

पहिलं वर्ष गप्प राहायचं. गप्प म्हणजे घाबरून नाही, तर डोळे उघडे ठेवून. इन्फन्ट्रीची बटालियन म्हणजे चार रायफल कंपन्या, एक सपोर्ट कंपनी, एक हेडक्वार्टर कंपनी, आणि यात किती प्रकारची कामं असतात ते सेंटरमधून आलेल्या पोराला कळतच नाही. सपोर्ट कंपनीत ८१ एमएम मॉर्टर आहे, रणगाडे फोडायची मिसाइल आहे, हेडक्वार्टर कंपनीत सिग्नल आहे, एमटी आहे, क्वार्टर मास्टरचं स्टोअर आहे, इंट म्हणजे इंटेलिजन्स सेक्शन आहे, शिवाय घातक प्लाटून, वेपनचे उस्ताद, पीटीचे उस्ताद, ड्रिलचे उस्ताद, कंपनीतला स्नायपर. मला लहानपणापासून रेडिओ खोलून बघायचा नाद, घरचा ट्रान्झिस्टर मी दोनदा बिघडवून एकदा दुरुस्त केला होता, त्यामुळं पलटणीत आल्या आल्या माझी नजर सिग्नल प्लाटूनवर गेली.

आणि इथंच माझी पहिली चूक झाली. आमचे एक ऑफिसर संध्याकाळी व्हॉलीबॉलला यायचे, पोरांशी मोकळं बोलायचे, तर मी तिथंच ग्राउंडवर त्यांना म्हणालो की साहेब मला सिग्नलला घ्या ना. ते काही बोलले नाहीत, हसून पुढं गेले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या प्लाटून हवालदारानं मला बाजूला घेतलं. ओरडला नाही, फक्त म्हणाला की तुला माझ्यावर भरवसा नव्हता का? मला फार वाईट वाटलं. त्या माणसानं मला पहिल्या महिन्यापासून सांभाळून घेतलेलं होतं, आणि मी त्याला ओलांडून वर गेलो होतो. त्यानंतर वर्षभर माझा विषय कुणी काढला नाही.

तर क्रम असा लक्षात ठेवा. सेक्शन कमांडर, मग प्लाटून हवालदार, मग प्लाटूनचे नायब सुभेदार साहेब, मग कंपनीचे सीनियर जेसीओ, म्हणजे सुभेदार साहेब, मग कंपनी कमांडर. प्रत्येकाच्या कानावर घालत घालत वर जायचं. हे नुसतं मानपानाचं नाही, यामागं कारण आहे. तुम्ही सिग्नलला गेलात की रायफल कंपनीत एक माणूस कमी होतो, गार्ड तेवढेच राहतात, पेट्रोल तेवढंच राहतं, म्हणजे तुमच्या जाण्याचा भार प्लाटून हवालदारावर येतो. त्यानं जर "साहेब, ह्याला सोडतो, पोरगं चांगलं आहे" म्हटलं तर अर्धं काम झालं, आणि त्यानं "साहेब, माझ्याकडं माणसंच नाहीत" म्हटलं तर सीओ साहेबसुद्धा विचार करतात.

दुसरी बाजू म्हणजे जिथं जायचंय त्यांना तुम्ही हवे असायला पाहिजेत. मी दुसऱ्या वर्षी काय केलं तर रविवारी दुपारी मोकळा वेळ मिळाला की सिग्नल प्लाटूनच्या हवालदाराला विचारून त्यांच्या स्टोअरला जाऊन बसायचो, बॅटऱ्या चार्जिंगला लावायला मदत कर, केबल गुंडाळ, अँटेना कसा उभा करतात ते बघ, बोलायची पद्धत पाठ कर. कुणी सांगितलेलं नव्हतं. सहा महिन्यांनी एक्सरसाइजला त्यांचा एक ऑपरेटर आजारी पडला तेव्हा त्या हवालदारानं स्वतः माझं नाव घेतलं. एमटीला जायचं असेल तर रविवारी गाडी धुवायला जा, मॉर्टरला जायचं असेल तर गणित पक्कं करा, डिग्री आणि मिल या कोनाच्या मापांचा हिशोब ज्याला पटापट जमतो त्याला मॉर्टरवाले सोडत नाहीत.

कोर्स हा तिसरा धागा. पलटणीला दरवर्षी वेगवेगळ्या कोर्सेसच्या जागा येतात, महूच्या इन्फन्ट्री स्कूलला वेपन, मॉर्टर, स्नायपर वगैरे, बेळगावला कमांडो विंग, पुण्याला आर्मी फिजिकल ट्रेनिंगची इन्स्टिट्यूट, गुलमर्गला हॉज म्हणजे बर्फ आणि पहाडाचं ट्रेनिंग, मिझोरामला वैरेंगटेची जंगलातल्या लढाईची शाळा. ट्रेनिंगच्या जेसीओ साहेबांकडं कोर्सची लिस्ट असते. जो कोर्स करून चांगली ग्रेडिंग आणली त्याच कामाला पलटण तुम्हाला लावणार हे जवळजवळ ठरलेलं, कारण एवढ्या जागेतली एक जागा तुमच्यावर खर्च केलेली असते. म्हणून पीटी उस्ताद व्हायचं असेल तर "मला पीटी उस्ताद करा" असा अर्ज करत बसण्यापेक्षा पुण्याच्या कोर्सला नाव लागेल असं फिजिकल बनवा. उलटही खरं आहे, नको असलेल्या कोर्सला नाव लागलं तर आधीच बोला, तिथं जाऊन मुद्दाम खराब ग्रेडिंग आणू नका, तो कागद तुमच्या डोक्यावर कायम राहतो.

अर्ज आणि इंटरव्ह्यू

तोंडी सगळ्यांच्या कानावर गेलं की मग कागद. अर्ज कंपनी क्लर्ककडून हिंदीत किंवा इंग्रजीत टाइप होतो, पण मजकूर तुम्ही स्वतः बनवून न्या, क्लर्कवर सोडलं तर तो जुन्या कुणाच्या अर्जात नाव बदलून देतो. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. आर्मी नंबर, रँक, नाव, कंपनी, किती सर्व्हिस झाली, मेडिकल कॅटेगरी, शिक्षण, केलेले कोर्स आणि ग्रेडिंग, शेवटच्या फिजिकल आणि फायरिंगचा रिझल्ट, आजपर्यंत शिक्षा झालेली असेल तर तीसुद्धा. रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, लपवायचा प्रयत्न करू नका, ती शीट रोलमधे, म्हणजे तुमच्या सर्व्हिसच्या रेकॉर्डमधे, आहेच आणि साहेब ती बघूनच बोलणार आहेत.

मग दोन तीन ओळी, की मला अमुक काम का करायचंय आणि मला त्यातलं काय येतं. "आवड आहे" एवढ्यावर भागत नाही. माझ्या अर्जात मी लिहिलं होतं की मागच्या एक्सरसाइजला मी इतके दिवस रेडिओ ऑपरेटरचं काम केलंय आणि सिग्नल प्लाटूनचे हवालदार त्याला साक्षी आहेत. बस. इथं ज्या कामावर आहात त्याची तक्रार एका शब्दानंही लिहू नका. गार्ड जास्त लागतात म्हणून जायचंय असं मनात असलं तरी कागदावर तर नाहीच, बोलण्यातही येऊ देऊ नका, कारण सिग्नलवाल्यालाही रात्रभर सेटवर जागं राहायला लागतं आणि ड्रायव्हर थंडीत पहाटे चारला गाडीखाली असतो. कष्ट चुकवायला कुणी बदली मागत असेल तर त्याला मी आत्ताच सांगतो, तसं काम पायदळात नाही.

वेळ कधीची निवडायची? पलटण फील्डमधे, म्हणजे सीमेवर वगैरे, जायच्या तोंडावर किंवा मोठ्या इन्स्पेक्शनच्या आधी कधीच नाही. फील्डमधून पीसला, म्हणजे शांततेच्या ठिकाणी, आल्यावर, नव्या पोरांची तुकडी सेंटरमधून आली की रायफल कंपन्या भरतात, तेव्हा माणसं सोडायला कुणाची ना नसते. सीओ साहेब बदलून नुकतेच आलेत तर त्यांना दोन तीन महिने जाऊ द्या.

इंटरव्ह्यूला मार्च करून जाल तेव्हा कंपनी कमांडर बहुधा एकच प्रश्न विचारतात, तुला सोडलं तर कंपनीचं काय? याचं उत्तर तयार ठेवा. मी म्हणालो होतो की साहेब, माझ्या लाइट मशीनगनवर अमुक पोरगा तयार केलाय, तो आत्ताही माझ्याइतकाच चांगला चालवतो. आणि तो खरंच तयार केलेला होता, बरं का, चार महिने रोज. सैनिक संमेलनात उभं राहून आपली वैयक्तिक बदली मागू नका, तिथं सगळ्यांच्या कामाच्या गोष्टी विचारायच्या असतात, लंगर, क्वार्टर, पाणी, पगाराची अडचण.

पॅराला जायचं असेल तर

हे स्वप्न आपल्याकडच्या फार पोरांचं असतं आणि ते असावं, कारण पॅराशी मराठ्यांचं नातं जुनं आहे. आजची २ पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, १९५२ मधे ती पॅराशूट रेजिमेंटमधे आली, आणि ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलवर जी बटालियन विमानातून उतरली ती हीच. २१ पॅरा एसएफ, म्हणजे स्पेशल फोर्सेसची पलटण, सुद्धा आधी २१ मराठा होती, त्यांना वाघनखं म्हणतात.

जायचा रस्ता म्हणजे व्हॉलंटियर. तुम्ही आपल्या पलटणीतून अर्ज करता, सीओ साहेबांची शिफारस लागते, मेडिकल शेप-१ पाहिजे, म्हणजे मन, कान, हातपाय, शरीर आणि डोळे पाचही एक नंबर. मग प्रोबेशन. एसएफचं प्रोबेशन वर्षानुवर्षं नव्वद दिवसांचं म्हणून ओळखलं जातं, पॅराचं त्यापेक्षा बरंच कमी. पास झालात तर पुढं आग्र्याला पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमधे पाच जंप, मग विंग्ज. अर्जाच्या आधी तयारीला निदान एक वर्ष द्या आणि ते वर्ष नुसत्या धावण्यात घालवू नका. वजन घेऊन चालणं, रात्री झोप न घेता नकाशा वाचणं, पोहणं, पाय जपणं. हो, पाय. फोड आणि नडगीच्या दुखण्यानं जेवढी पोरं परत येतात तेवढी दम संपून येत नाहीत असं मला तिथून आलेल्यांनी सांगितलंय, बूट पायाला बसवून घ्या, मोजे दोन जोड जास्त ठेवा, नखं कापा.

माझा एक जोडीदार प्रोबेशनला गेला आणि काही आठवड्यांनी आरटीयू होऊन पलटणीत परत आला. त्याला वाटत होतं की आता सगळे काय म्हणतील. काही म्हणाले नाहीत, उलट आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी त्याला बोलावून चहा पाजला आणि घातक प्लाटूनमधे घेतलं, पुढं त्यानं तिथं इतकं चांगलं काम केलं की नवीन येणाऱ्यांना तोच तयार करायचा. परत येणं ही बदनामी नाही, पण जाताना पलटणीशी वाकडं बोलून जाऊ नका, परत यायचंही घर तेच असतं.

ट्रेड बदलणं आणि ऑफिसर होणं

रीमस्टरिंग बद्दल खोटी आशा लावणार नाही. ज्या ट्रेडमधे जायचंय तिथं जागा पाहिजे, तुमचं शिक्षण त्या ट्रेडच्या अटीत बसायला पाहिजे, टेस्ट पास व्हावी लागते, तुमच्या आत्ताच्या ट्रेडमधे माणसं कमी असतील तर रेकॉर्ड ऑफिस सोडत नाही, आणि नव्या ट्रेडमधे सीनियॉरिटीचं काय होणार हे लेखी समजून घेतल्याशिवाय सही करू नका. प्रमोशनच्या तोंडावर असलेल्यानं तर दहा वेळा विचार करावा. एका बाबतीत मात्र हा रस्ता फार उपयोगाचा आहे, कुणाची मेडिकल कॅटेगरी खाली गेली, ड्रायव्हरच्या नजरेचा प्रश्न झाला, गुडघा गेला, तर त्याला झेपेल अशा ट्रेडमधे घेण्यासाठी हीच सोय वापरतात. अशा पोरांनी खचून न जाता मेडिकल बोर्डाचे कागद हातात आले की लगेच कंपनीत बोलावं.

ज्यांचं डोकं अभ्यासात चालतं त्यांनी माझं ऐका आणि क्लर्क व्हायच्या आधी एसीसीकडं बघा. आर्मी कॅडेट कॉलेज हे एकेकाळी आपल्या पुण्यातच होतं, १९७७ ला देहरादूनला गेलं, आता आयएमएचाच, म्हणजे इंडियन मिलिटरी अ‍ॅकॅडमीचाच, एक भाग आहे. साध्या शिपायाला तिथून लेफ्टनंट होता येतं. साधारण अटी म्हणजे बारावी पास, वय २० ते २७, दोन वर्षांची सर्व्हिस. आधी लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी म्हणजे ऑफिसर निवडीची मुलाखत, निवड झाली तर तीन वर्षं शिक्षण, जेएनयूची डिग्री, मग एक वर्ष आयएमए. अर्ज करायच्या वर्षीचं चालू पत्र एज्युकेशनच्या जेसीओ किंवा हवालदाराकडून वाचून घ्या, वयाच्या तारखा त्यात असतात. वय निघून गेलं असेल तर एससीओ (स्पेशल कमिशन्ड ऑफिसर) आणि पीसी एसएल (पर्मनंट कमिशन स्पेशल लिस्ट) असे पुढच्या वयाचे रस्तेही आहेत. लेखीला आपली पोरं इंग्रजीत मागं पडतात, बाकी कशात नाही. ड्यूटीवरून आल्यावर रोज एक तास, बराकीत टीव्ही चालू असताना, कानात बोळे घालून का होईना, वाचा. मी केलं नाही, मला कुणी वेळेवर सांगितलंच नाही, आणि याची हळहळ मला आजही आहे.

ईआरई

ही बहुतेक वेळा सर्व्हिस थोडी झाल्यावर, नाईक हवालदार होता होता मिळते. एनसीसीला पीआय स्टाफ म्हणून गेलात तर गावाजवळच्या कॉलेजच्या पोरांना शिकवायला मिळतं, कुटुंब जवळ राहतं. त्याला ड्रिल आणि वेपनमधे चांगली ग्रेडिंग लागते, पोरांसमोर बोलता आलं पाहिजे. सेंटरला उस्ताद म्हणून जाणं हे मानाचं आणि दमवणारं काम आहे. एनएसजी, राष्ट्रीय रायफल्स हे कामाचे ईआरई, तिथं आराम शोधू नका. बारी लागते, हेड क्लर्क साहेबांकडं किंवा अ‍ॅडज्युटंट साहेबांच्या ऑफिसात कोण किती दिवस बाहेर गेला नाही याचा हिशोब असतो, आपली इच्छा तिथं नोंदवून ठेवा आणि वर्षातून एकदा नम्रपणे आठवण करा.

नाही म्हणाले तर

नाही म्हणतील. पहिल्यांदा बहुतेकांना नाहीच म्हणतात. "साहेब, परत केव्हा विचारू आणि तोपर्यंत मी काय सुधारू?" एवढं विचारा, सॅल्यूट करा, बाहेर या, आणि ते जे सांगतील ते खरंच करा. सहा महिन्यांनी परत जा.

आमदार खासदार मंत्र्याचं पत्र आणू नका. हे मी हात जोडून सांगतो. फौजेत बाहेरचं दडपण आणणं ही शिस्तभंगाची बाब आहे. आमच्या एका पोराच्या मामानं प्रेमापोटी असं पत्र पाठवलं, पोराला माहीतही नव्हतं, पण उत्तर त्यालाच द्यावं लागलं आणि त्याचं होत आलेलं काम दोन वर्षं मागं गेलं. सुट्टीवर गेलात की घरच्यांना आधीच बजावून ठेवा. पैसे घेऊन पोस्टिंग करून देतो म्हणणारे फोन येतात, ते सरळ फसवणारे असतात, कंपनीत जाऊन कळवा. आपली तक्रार व्हिडिओ करून टाकणं तर नकोच नको, त्या पाच मिनिटांत सगळी सर्व्हिस जाते.

खरोखर अन्याय झाला असेल तर कायद्यानं रस्ता दिलाय. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २६ खाली जवानाला कंपनी कमांडर, मग सीओ, मग वर अशी दाद मागता येते आणि ती मागितली म्हणून कुणी राग धरायचा नसतो. पण एक समजून घ्या, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल २००७ च्या कायद्यानं झालं त्यात पोस्टिंग आणि ट्रान्सफर हे विषय मुळातच वगळलेले आहेत. पेन्शन, प्रमोशन, डिसॅबिलिटी यासाठी ट्रिब्युनल आहे, मनासारखी बदली मिळाली नाही यासाठी नाही. हायकोर्टंही यात सहसा हात घालत नाहीत. कसम परेडला आपण जमीन, पाणी, हवा, जिथं हुकूम होईल तिथं जाईन म्हटलेलं असतं, वकिलाची फी भरायच्या आधी ते आठवा.

ऑर्डर आल्यावर

पलटणीतल्या पलटणीत बदली असेल तर दोन दिवसांत होते. बाहेर जायचं असेल तर मूव्हमेंट ऑर्डर निघायच्या आधी कोतमधे, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, हत्यार जमा, सीक्यूएमएचकडं, म्हणजे कंपनीच्या स्टोअरच्या हवालदाराकडं, सामान जमा आणि त्याची पावती, कँटीनचं आणि मेसचं बिल चुकतं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे बदलीची रेकॉर्डला होणारी नोंद, निघाली का ते क्लर्ककडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण ती राहिली तर नव्या जागी पगार आणि भत्ते अडकतात आणि मग महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो. मेडिकलचे कागद, कोर्सची सर्टिफिकेटं, एसीई (आर्मीची शिक्षणाची परीक्षा) आणि मॅप रीडिंगचे रिझल्ट यांच्या झेरॉक्स आपल्या पिशवीत ठेवा, ट्रंकेत नाही, ट्रंक मागाहून येते. तुमच्या जागी येणाऱ्या पोराला दोन दिवस सोबत घेऊन काम दाखवा. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी प्लाटून हवालदाराला भेटून या. मी सिग्नलला गेलो तेव्हा माझ्या हवालदारानं त्याच्या ट्रंकेतून एक जुना स्क्रू ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला होता, म्हणाला की घे, आता तुला लागेल. तो अजून माझ्या कपाटात आहे.